प्रोग्रामचेही रुंदीकरण होते!

नागपूर-नागभीड ही नॅरोगेज गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटरवरून १६७६ मिलिमीटर करायचे, तर पूल, फलाट, डबे, इंजिने सारेच बदलावे लागते. गावे मात्र तीच राहतात. संगणकाच्या प्रोग्रामवरही अशीच वेळ येते.

पडद्यावरची बटणे, मेनू, लिहिण्याच्या चौकटी प्रत्येक प्रोग्रामर स्वतः घडवीत नाही. तो त्या एका तयार संचातून घेतो. या संचाला टूलकिट म्हणतात. चित्रांवर काम करणारा 'गिम्प' हा मोफत प्रोग्राम १९९५ साली अमेरिकेतील बर्कली येथे दोन विद्यार्थ्यांनी लिहावयास घेतला. त्यासाठी बनविलेला 'जीटीके' हा संच पुढे इतर अनेक प्रोग्रामांच्याही उपयोगी पडला. त्याची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये आली. पण तिच्यावर उभा असलेला गिम्प ३.० बाहेर पडायला २०२५ साल उजाडले! दुसऱ्या आवृत्तीची देखभाल तर २०२० मध्येच थांबली होती. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ गिम्पची डागडुजी न होणाऱ्या रुळांवरून वाटचाल चालू होती.

"बटणांसाठी एवढा खटाटोप कशाला?" असे तुम्ही विचाराल. संगणकावर 'विदर्भ' लिहून पाहा. संगणक आधी 'व' साठवतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी 'व'च्या आधी दिसायला हवी. 'र' साठवला जातो 'भ'च्या आधी, पण रफार होऊन तो 'भ'च्या डोक्यावर बसायला हवा. जीटीकेच्या २००२ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून ही मांडणी 'पँगो' नावाचा भाग करू लागला. जे प्रोग्राम पहिल्याच आवृत्तीवर थांबले, त्यांना ही सोय मिळाली नाही.

म्हणून माझे मत असे, की या कामाला कोणी रंगरंगोटी म्हणू नये. आपली लिपी पडद्यावर शुद्ध उमटणे त्यावर अवलंबून असते. ते वेळेवर करायचे, तर प्रोग्रामचे गणित आणि त्याचा चेहरा पहिल्यापासून वेगळे ठेवावेत.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. गुणपत्रिकेचा छोटा प्रोग्राम घ्या. बेरीज-टक्केवारी एका फाईलमध्ये, बटणे दुसरीत लिहा. मग टूलकिट बदला. पहिल्या फाईलला हात न लावता काम झाले, तर तुमची बांधणी पक्की!