छपरावरचा पत्रा आणि कामगाराची छाती



पावसाळा तोंडावर आला की गळक्या छपरांच्या तक्रारी युनियनकडे येऊ लागतात. क्वार्टर, गँगहट, स्टेशनची शेड, टपालाच्या थैल्या ठेवण्याची खोली. जुन्या इमारतींवर ज्याला आपण 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, तो बहुधा अ‍ॅसबेस्टॉसचा असतो.

पत्रा शाबूत असेपर्यंत धोका नाही, असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. उन्हापावसाने पत्रा झिजतो, तडकतो, वायरसाठी त्याला भोके पाडली जातात. तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. अ‍ॅसबेस्टॉसिस व कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. तोवर कामगार पेन्शनीत गेलेला असतो आणि रोगाचा नोकरीशी संबंध कोणी जोडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी अ‍ॅसबेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला. निकाल मोठाच. पण तो कारखान्यातल्या कामगारापुरता राहिला. छपरावर चढून पत्रा फोडणाऱ्याची नोंद कोणत्या वहीत आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1986 चा 162 क्रमांकाचा करार भारताने अजून मान्य केलेला नाही. युरोपीय संघाने 2005 पासून अ‍ॅसबेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे ते आयात होते व त्याचे पत्रे बनतात.

इथे बेळ्ळंदूरला काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी जुनी पत्र्याची शेड पाडायला येतो तो कंत्राटी मजूर, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने हे तंतू अडत नाहीत.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: 'छप्पर बदला' एवढीच मागणी करून आपण थांबलो, तर आपली गळती थांबेल आणि दुखणे त्या मजुराच्या छातीत जाईल. तोही कामगारच आहे. पी.एन.एम. बैठकीत रेल्वे बांधवांनी व आपापल्या मंचावर टपाल बांधवांनी या मागण्या ठेवाव्यात:

1. अशा प्रत्येक इमारतीची यादी करून ती नोटीस बोर्डावर लावावी.
2. पत्रा ओला करून, न फोडता, अखंड उतरवावा; जाड प्लास्टिकमध्ये बांधून धोकादायक कचरा म्हणूनच त्याची विल्हेवाट लावावी.
3. योग्य मास्क व कामाचे वेगळे कपडे द्यावेत; ते कपडे घरी धुवायला नेऊ नयेत.
4. कायम व कंत्राटी, दोघांचीही छातीची तपासणी व्हावी आणि तिची नोंद निवृत्तीनंतरही जपावी.

तोपर्यंत फुटक्या पत्र्याचा चुरा कोरड्या झाडूने झाडू नका, साहेबाने सांगितले तरी. आधी पाणी मारा, मग उचला.

कामगार एकजुटीचा विजय असो!

सेक्रेटरी, रेल्वे युनियन, बेळ्ळंदूर