विषाचा उतारा

नारायण पेठेतल्या एका वाड्यात मुलांचा डाव रंगला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी पात्रे व्हायचे, अडले की फासा टाकायचा. १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नसन यांनी अशा खेळाची नियमावली छापली. विषे आणि जादूच्या वस्तू मात्र आपली मुले स्वतःच रचतात.

एकाने सापाचे विष मांडले, दुसऱ्याने शापित अंगठी. तिसऱ्याचे वडील ड्रेनेजच्या कामावर. तो म्हणाला, "माझे विष दिसत नाही. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, मग वासच येईनासा होतो. मुखवट्याशिवाय वाचवायला उतरेल तोही पडतो."

आम्ही चपापलो. हा तर गटारातला हायड्रोजन सल्फाइड! तो वाढला की नाक बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे नव्हे.

त्याच्या जादूच्या वस्तू तीन : हवेची नळी लावलेला मुखवटा, कमरेचा दोर, वर दोर धरणारा माणूस. साधनांशिवाय कामगाराला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

संध्याकाळी वडील न्यायला आले. पोराने आमच्यादेखत विचारले, "पप्पा, तुमचा दोर कुठाय?" ते गप्प राहिले.

पालकहो, असला खेळ मोडू नका. आणि पोराने विचारलेला प्रश्न उद्या मुकादमालाही विचारा.