जोडचित्रांचा बाजार आणि जामसांवली

जामसांवलीच्या हनुमान लोकाचे भूमिपूजन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पांढुर्णा व सौंसर हा मुलूख छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. या दोन्ही गोष्टी वर्तमानपत्रांनी यथास्थित छापल्या. पण त्यांच्याच आडोशाला तिसरी एक घडामोड चालू आहे, तिची बातमी होत नाही. रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला, की जुने वाडे उतरतात. वाडा उतरला की माळाही रिकामा होतो. माझी सासुरवाडी सौंसरची, म्हणून हे मला जवळून पाहावयास मिळते.

मागील वर्षी जामसांवलीस एका जुन्या मालगुजार घराण्यात अशीच एक शिसवी पेटी माळ्यावरून खाली आली. आत एक स्टिरिओस्कोप आणि तेरा जोडचित्रे. बहुतेक चित्रे १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाची. नागपूरचा एक व्यापारी त्यांतली चारच मागत होता. पेटी व बाकीची चित्रे त्याला नको होती. घरमालकांनी मला विचारले, “मास्तर, यात आमचे काय आहे? ना आपला देश, ना आपला देव.” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यावयाचा हा प्रयत्न.

प्रथम वस्तू कोणती ते सांगतो. सुमारे सात इंच लांब व साडेतीन इंच रुंद पुठ्ठ्यावर एकाच दृश्याची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी चिकटविलेली असतात. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंचांचे अंतर असते, तेवढ्याच फरकाने ती टिपलेली. भिंगांतून पाहिले की सपाट कागदाला खोली येते. तंबोऱ्याच्या तारा षड्ज-पंचमात नीट मिळाल्या की कोणी न छेडलेला गांधार ऐकू येतो, तसेच हे. खोली डाव्या चित्रात नाही, उजव्यातही नाही. ती जोडीत आहे.

व्हीटस्टन याने १८३८ साली हे तत्त्व मांडले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ब्रूस्टरच्या पद्धतीचा स्टिरिओस्कोप व्हिक्टोरिया राणीच्या नजरेस आला आणि घरोघर त्याची हौस पसरली. पुढे प्रदर्शन आणि जोडचित्र यांची गाठच पडली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात जोडचित्रे काढण्याचा मक्ता किलबर्न याने घेतला होता. ज्यांना तिकीट काढून शिकागोस जाणे शक्य नव्हते, त्यांनी ते दिवाणखान्यात बसून पाहिले. आज संग्राहक पुठ्ठ्यावरून काळ ओळखतात: कोपरे काटकोनी असले तर चित्र बहुधा आरंभीचे, पुठ्ठा किंचित वाकविलेला असला तर नंतरचे. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर तो छापखान्यातला स्वस्त माल.

आता “आमचे काय?” या प्रश्नाकडे वळू. या प्रदर्शनांत आपण होतो, पण बहुधा मांडलेल्या वस्तू म्हणून. आपल्या ग्वाल्हेरच्या पाथरवटांनी कोरलेली दगडी कमान १८८३-८४ च्या कलकत्ता प्रदर्शनात उभी राहिली, तेथून लंडनला गेली आणि १८८६ च्या वसाहतींच्या प्रदर्शनात हजारो लोक तिच्याखालून गेले. आज ती तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिला ग्वाल्हेरचे नाव आहे. पाथरवटांची नावे आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहेत? त्याच प्रदर्शनात जे हिंदी कारागीर काम करताना दाखविले गेले, ते आग्र्याच्या तुरुंगातून नेलेले होते. सेंट लुईसला तर फिलिपिन्सच्या हजारावर माणसांची वस्तीच मांडली होती. व्यापाऱ्याने मागितलेल्या चार चित्रांपैकी तीन याच वस्तीची होती, हा योगायोग नव्हे. पाहणारा कोण आणि दिसणारा कोण, हे त्या काळी ठरलेले होते.

जामसांवलीची पेटी नेमका हाच हिशेब उलटा करते. मध्य प्रांतातले एक मराठी घर येथे बसून अमेरिका पाहत होते. नागपुरात १८६५ साली प्रांताचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेव्हा या मुलखाला प्रदर्शन ही गोष्ट नवी नव्हती, पण तेथे मांडला होता तो आपलाच माल. या पेटीत पाहणारे आपण आहोत. सेंट लुईसची तीच चित्रे जगाच्या बाजारात ढिगाने मिळतील; जामसांवलीच्या माळ्यावरची पेटी एकच. चार चित्रे उचलली की उरते ती अडगळ, आणि गेलेली चारही अनाथ होतात.

१९७२ चा पुरावस्तू कायदा येथे किती उपयोगी? त्यातील व्याख्या रुंद आहे. शंभर वर्षांपूर्वीची कलाकुसरीची वस्तू, किंवा गतकाळची कला, विज्ञान, चालीरीती दाखविणारी वस्तू तीत येते, आणि अशी वस्तू परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही. पण एका घरची पेटी एका घरची म्हणून अखंड राहावी, अशी तजवीज त्यात नाही. ती घरानेच करावयाची.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर असे काही असेल त्यांनी जोडी कापून चौकटीत बसवू नये. दोन्ही चित्रे व पाठीमागचा मजकूर एकत्रच टिपून ठेवावा. चित्र कोणी, केव्हा आणले ते घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून वेगळ्या कागदावर लिहावे; पुठ्ठ्यावर शाई लावू नये. विकावयाचेच झाले तर सगळे एकत्र, त्या कागदासह विकावे. आणि नव्या जिल्ह्याकडे मागणे एवढेच, की यात्रेकरूंसाठी एवढे बांधकाम होत असता गावच्या जुन्या वस्तूंसाठी एक कोरडी, कुलूपबंद खोली त्यात धरावी. देवदर्शनाला आलेल्या माणसाला घटकाभर गावाचेही दर्शन घडेल.