शिंदखेड्याची माणसे कोणाच्या हिशेबी?

१६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात एकाच समारंभात दोन कामांचा गाजावाजा झाला. उधना-जळगाव लोहमार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण सुमारे २४०० कोटी रुपये खर्चून पुरे झाले होते; त्याचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याच दिवशी सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेची पायाभरणी झाली. पावसाळ्यात तापीचे पाणी उचलून १३१ गावांतील ३३ हजारांहून अधिक हेक्टर जमीन भिजवावी, अशी ही योजना. शिंदखेडा तालुक्यातील माणसाला गाव सोडून सुरतेला जाण्याची वाट त्या दिवशी दुहेरी होऊन सज्ज होती. त्याला गावात राहता यावे यासाठी लागणाऱ्या पाण्याचा पहिला दगड मात्र तेव्हा कुठे बसत होता. स्वातंत्र्यानंतर बहात्तराव्या वर्षी कामांचा हा क्रम दिसावा, यात राज्यकर्त्यांच्या धोरणाचे सारे सार आले.

तापी या तालुक्याच्या उशाशी वाहते. पांझरा मुडावदजवळ तिला मिळते. तरीही हा तालुका पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचा म्हणून ओळखला जातो. तापीवरचे उकाईचे धरण गुजरातेत १९७२ मध्ये उभे राहिले. महाराष्ट्राने तापी खोऱ्यासाठी स्वतंत्र पाटबंधारे महामंडळ स्थापन केले ते १९९७ मध्ये. या पंचवीस वर्षांत एक अख्खी पिढी वयात आली आणि गावाबाहेर पडली. पाणी खाली वाहून गेले आणि माणसे पाण्यामागून गेली.

या स्थलांतराचे कौतुक करणारा एक वर्ग आहे. खानदेशी माणूस कष्टाळू, तो सुरतेला गेला, उधना, लिंबायत, दिंडोलीत त्याने घर केले, मुले शिकवली. मग रडगाणे कशाला, असे हा वर्ग विचारतो. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील सुरतेच्या राजकारणातून वर चढले आणि जून २०२४ मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री झाले, हा दाखलाही मोठ्या अभिमानाने दिला जातो. अभिमान जरूर वाटावा. पण एका खानदेशी माणसाच्या हाती देशाचे पाणीखाते आले म्हणून शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेताला पाणी मिळाले, असे कोणी म्हणणार आहे काय? व्यक्तीच्या उत्कर्षाने प्रदेशाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. जे वर चढले त्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. बारा बारा तासांच्या पाळ्या करून यंत्रमागाच्या खडखडाटात ज्यांचे कान गेले त्यांची यादी कोणत्याही कचेरीत नाही.

शिवाय कष्टाळूपणाच्या या स्तुतीमागे एक अर्थकारण दडलेले आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली भागातील ऊसतोडीचा अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे: सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरातच हळपती शेतमजूर कामावाचून बसले होते आणि तोडणीच्या टोळ्या मात्र शेकडो किलोमीटरवरून, खानदेशातून आणल्या जात होत्या. मजूर कमी होते म्हणून खानदेशी माणूस नेला गेला नाही. परका मजूर फडातल्या पालात राहतो, रात्री-अपरात्री हाकेसरशी उठतो, त्याला गावकीचा आधार नसतो आणि मुकादमाच्या उचलीने त्याची मान अडकलेली असते, म्हणून तो नेला गेला. त्याच्या येण्याने हळपतीची सौदाशक्ती मोडली आणि हंगाम संपेपर्यंत मजुरी हाती न आल्याने त्याची स्वतःचीही मोडली. दोन राज्यांतील दोन दरिद्री माणसे एकमेकांविरुद्ध उभी करून सहकाराचा नफा वाढवणे, हे या स्थलांतराचे खरे यंत्र आहे. आजही नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव देणारी व्यवस्था त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहते, हे निराळे सांगावयास नको.

ब्रेमन यांच्या देशाचा इतिहास येथे ताडून पाहण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमधून लाखो माणसे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला गेली. खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या धाकट्या मुलांना वाट्याला जमीन नव्हती. मजूर पक्षाचे पंतप्रधान विलेम ड्रेस यांनी १९५० च्या नववर्षाच्या भाषणात देशबांधवांपैकी काहींनी देशाबाहेर भवितव्य शोधण्याचे धाडस करावे, असे उघड आवाहन केले. आपल्याच नागरिकांना जास्तीचे ठरवणे समाजवाद्यांना भूषणावह नाही, ही टीका त्या धोरणावर करता येईल. परंतु त्या शासनाने निदान जबाबदारी नाकारली नाही. प्रवासखर्चाला मदत दिली, १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला, जाणाऱ्यांची नोंद ठेवली. शिंदखेड्याच्या मजुराला यातले काहीही मिळाले नाही. त्याची पाहणी करायलाही एक डच विद्वानच यावा लागला, ही महाराष्ट्र शासनाला मान खाली घालायला लावणारी गोष्ट आहे.

१ मे १९६० पर्यंत सुरत आणि शिंदखेडा एकाच मुंबई राज्यात होती. त्यानंतर मधे सीमा आली आणि दोन्ही सरकारांना हात झटकण्याची सोय झाली. १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. कंत्राटदाराची नोंदणी, छायाचित्रासह पासबुक, प्रवासभत्ता, मासिक मजुरीच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता अशा चांगल्या तरतुदी त्यात होत्या. त्या बव्हंशी कागदावर राहिल्या. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा लाखो माणसे आगगाड्यांना लटकून पळाली. २०२० च्या टाळेबंदीत गावी जाऊ द्या म्हणून मजूर सुरतेच्या रस्त्यांवर उतरले आणि त्यांना लाठ्या मिळाल्या. या दुसऱ्या धड्यानंतर तरी कायदा मजबूत व्हावयास हवा होता. झाले उलटेच. २०२० च्या श्रमसंहितेने जुना कायदा पोटात घेतला, पाच मजुरांची मर्यादा दहावर नेली आणि विस्थापन भत्ता गाळला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलातही आली.

गावात राहू पाहणाऱ्याचे तरी काय झाले? विखरणचे धर्मा पाटील सुरतेला गेले नाहीत. त्यांची सुमारे पाच एकर जमीन सौर प्रकल्पासाठी गेली आणि मोबदला आला सुमारे चार लाख रुपये. ऐंशी ओलांडलेला हा शेतकरी न्याय मागत मंत्रालयापर्यंत गेला, २२ जानेवारी २०१८ रोजी तेथेच त्याने विष घेतले आणि २८ जानेवारीला त्याचा अंत झाला. विखरण याच तालुक्यातले. ‘गाव सोडू नका’ असा उपदेश करणाऱ्यांनी आधी या मृत्यूचे उत्तर द्यावे.

तेव्हा मागणी नेमकी केली पाहिजे. माणसाला कोठेही जाऊन काम करण्याचा हक्क आहे. त्याला गावाशी बांधून ठेवणे हा प्रतिगामी विचार होय. मात्र जाणे हा त्याचा निर्णय असावा, उपासमारीचा हुकूम नसावा. त्यासाठी तापीचे पाणी शिवारात आले पाहिजे आणि ते केवळ बागाईतदाराच्या पाइपात जाता कामा नये. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता कुटुंबातील माणसांवर वाटले आणि भूमिहीनालाही वाटेकरी मानले. सुलवाडे-जामफळच्या पाण्याला हेच तत्त्व लावा, ही मागणी आताच केली पाहिजे. पाण्याचे वाटप एकदा बळकटांच्या सोयीने ठरले की भूमिहीन भिल्ल कुटुंबाचे बिऱ्हाड त्यानंतरही उसाच्या फडावरच जाईल.

यात कार्यकर्त्यांनी स्वतःलाही वगळू नये. पक्षाचे काम जिल्ह्याच्या हद्दीत विभागलेले आहे आणि मजूर मात्र दोन राज्यांत जगतो. धुळ्याचा कार्यकर्ता म्हणतो, तो सुरतेचा प्रश्न. सुरतेचा म्हणतो, हा बाहेरचा माणूस. मुकादमाची संघटना सीमा ओलांडते, मजुराची ओलांडत नाही. आखाजीला फडावरची माणसे परततात, कानबाईच्या रोटांना सुरतेची भाऊबंदकी गावी जमते. १ मेची ग्रामसभा आखाजीच्या सुमारास येते. त्या सभेत गावातून कोण, कोठे, कोणत्या मुकादमाबरोबर, किती उचल घेऊन गेले याची नोंद करण्याचा ठराव मांडावा, रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी द्यावी, मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मागावे आणि तीच यादी घेऊन उधन्याच्या वस्तीत जावे. हळपती आणि खानदेशी मजूर ज्या दिवशी एकाच दरासाठी एकत्र बसतील, त्या दिवशी मुकादमाला दुसरी टोळी शोधायला जागा उरणार नाही. शिंदखेड्याहून उधन्याला जाणारी गाडी रोज सुटते. त्या गाडीत मजुराशेजारी कार्यकर्ताही बसला पाहिजे.