विश्लेषण : काळ्या कोटाआधी कायदा… शाळकरी मुलांना न्यायालयाची ओळख कशी करून द्यावी?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून मिरजकर तिकटीवरून निघून बिंदू चौक ओलांडला, की थोड्याच वेळात पायी सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या आवारात पोहोचता येते. तिथे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी त्यासाठी चार दशके लढा दिला होता. एरवी अपिलाच्या तारखेसाठी कोल्हापूरच्या पक्षकाराला रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागे. आता पेठेतल्या मुलांच्या शाळेच्या वाटेवर उच्च न्यायालय आले आहे. त्यामुळे ‘दहावीनंतर काय’ या प्रश्नाच्या उत्तरांत डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीला वकिलीचे नावही घेतले जाईल. पण या मुलांना आधी वकिली समजावून सांगायची की कायदा?

शाळेत आज काय शिकवतात?

आठवीच्या राज्यशास्त्रात न्यायव्यवस्थेवर एक धडा आहे. सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय, दुय्यम न्यायालये अशी उतरंड त्यात येते. २६ नोव्हेंबरला संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते. बाकीचे शिक्षण सिनेमा आणि मालिका देतात, आणि तेही जुने. ‘तीनशे दोन लागला’ असे मुले आजही म्हणतात. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले. ‘चारसोबीस’ आता ३१८मध्ये आहे. कलमांचे आकडे बदलले म्हणून बिघडत नाही. बिघडते ते मुलाला आपल्या वयाला लागू असलेला कायदा ठाऊक नसल्यामुळे.

हा कायदा मुलांना कुठे भेटतो?

सर्वात आधी गाडीवर. क्लासला, तालमीत, फुटबॉलच्या सरावाला नववी-दहावीतली मुले दुचाकी घेऊन जातात आणि घरच्यांना त्यात कौतुकच वाटते. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये घातलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. एवढे एक कलम वर्गात नीट वाचून दाखवले, तरी मुले ते घरी जाऊन सांगतील.

त्यानंतर मोबाइल. वर्गमैत्रिणीचे अश्लील छायाचित्र ‘गंमत म्हणून’ पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आणि पॉक्सोखालीही गुन्हा ठरू शकतो. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य नुसते बाळगणेही गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकते, असे स्पष्ट केले. पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील संमती मानत नाही. सोळा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा यांच्यात ‘दोघांच्या मर्जीने’ शरीरसंबंध आले तरी गुन्हा नोंदवला जातो. हे बोलायला शिक्षक संकोचतात, पालक तर टाळतातच. मग मुलाला ते पहिल्यांदा पोलीस ठाण्यात कळते.

पोलीस ठाण्याचेही नियम आहेत. पंधरा वर्षांखालील मुलाला आणि कोणत्याही वयाच्या मुलीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते. अल्पवयीन आरोपीला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. तक्रारदाराला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी तक्रार नोंदवून घ्यावीच लागते.

पुण्याचे प्रकरण वर्गात का घ्यावे?

१९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोघांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देशभर संताप उसळला. जुलै २०२५मध्ये, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. मुलांना इथे बाजू घेऊ द्यावी. पण आधी नियम सांगावा : सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर प्रौढ म्हणून खटला चालू शकतो तो ‘निर्घृण’ गुन्ह्यात, म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, आणि तोही मंडळाने त्याची मानसिक क्षमता तपासल्यावर. संताप आणि नियम यांत किती अंतर असू शकते, हे एका तासाच्या चर्चेत समजते. व्याख्यानाला बोलावलेले वकीलसाहेब स्वतःच्या गाजलेल्या खटल्यांच्या आठवणी सांगून निघून गेले, तर ते समजत नाही.

न्यायालय पाहता येते का?

न्यायदान खुल्या न्यायालयात व्हावे, हे तत्त्व आहे. शाळेने रीतसर परवानगी घेतली तर कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालयात मुलांना तासभर बसता येईल. पॉक्सो किंवा बाल न्याय मंडळापुढची प्रकरणे मात्र बंद दालनात चालतात. मुलांना तिथे युक्तिवादापेक्षा तारखाच जास्त दिसतील. ते दिसलेले बरे. आणखी एक फरक ध्यानात येईल : १९९८पासून महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. मराठी माध्यमातल्या हुशार मुलाला ही पायरी चढावी लागते, हे त्याला दहावीतच कळलेले चांगले.

वकील व्हायचे तर?

याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या होत्या. शहरात विधी महाविद्यालय १९३३पासून आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. राज्याची सीईटी किंवा राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट द्यावी लागते. पदवीनंतर सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. न्यायाधीश व्हायचे असेल तर मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली आहे. म्हणजे दहावी झालेल्या मुलीला दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला किमान दहा वर्षे आहेत.

त्यातली वकिलीची पहिली वर्षे कोण पोसणार, हा सामान्य घरातला खरा प्रश्न. ज्युनिअरला सीनिअरकडून पेट्रोलपुरते पैसे मिळणे ही जुनीच रीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४मध्ये शहरी भागात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. ती शिफारस आहे, सक्ती नाही.