चलान गाडीला, चालवणारा मोकळा

काशीत लंकेवरून रथयात्रेकडे निघालं की एका स्कूटरवर तिघं, उलट्या बाजूने येणारी ई-रिक्षा आणि कानाला मोबाइल लावलेला बुलेटवाला हे सगळं पाच मिनिटांत दिसतं. इथे पोस्टिंगवर आलेला मराठी माणूस लगेच म्हणतो, "यूपीत कायदाच नाही!" माझं भांडण या वाक्याशी आहे. कायदा आहे, चांगला कडक आहे. त्याला फक्त स्मरणशक्ती नाही. ती पुण्यातही नाही, तेव्हा आपण कॉलर ताठ करायचं कारण नाही.

मोटार वाहन कायद्यातली २०१९ची दुरुस्ती वाचा. हेल्मेट नसेल तर कलम १९४-डी: १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. 'आणि' लिहिलंय, 'किंवा' नाही. ट्रिपल सीटलाही तेच. आता आठवा, हेल्मेटपायी तीन महिने लायसन्स गमावलेला एक तरी माणूस तुमच्या ओळखीत आहे का?

नसणारच. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, चलान गाडीच्या नावे फाटतं. गाडी मुलगा उडवतो, दंड बाप भरतो, नाहीतर लोकअदालतीची वाट बघत बसतो. चालवणाऱ्याच्या नावावर काहीच राहत नाही. खिसा गरम असलेल्याला हा दंड म्हणजे नियम मोडायचं तिकीट. रिक्षावाल्याची मात्र दिवसाची कमाई जाते.

पॉइंट पद्धत नेमकी इथे उपयोगी पडते. हैदराबादने ती ऑगस्ट २०१७मध्ये आणली: २४ महिन्यांत १२ पॉइंट झाले की लायसन्स वर्षभर निलंबित. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत १२ झाले की बंदी, आणि नवशिक्याचं लायसन्स पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंटांवरच रद्द. जर्मनीत मर्यादा ८. दंड श्रीमंताला परवडतो. पॉइंट पैसे भरून पुसता येत नाहीत.

फौजेला हे नवीन नाही. आपली रेड इंक एंट्री दुसरं काय आहे? जवानाची पोस्टिंग बदलते, कंडक्ट शीट त्याच्या मागे जाते. चार लाल नोंदी झाल्या की डिस्चार्जचा प्रश्न उभा राहतो. आणि २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही बजावलं, की चार नोंदी भरल्या म्हणून कुणाला आपोआप घरी पाठवता येणार नाही. आधी चौकशी करा, त्याचं म्हणणं ऐका.

"ज्याचं पोटच स्टिअरिंगवर आहे त्याचं काय?" या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ठरावीक काळ नीट गाडी चालवली की पॉइंट उतरावेत, आणि लायसन्स काढण्याआधी सुनावणी व्हावी. सुनावणीची संधी कलम १९मध्ये आजही आहे. "गाडी कोण चालवत होतं हे कसं कळणार?" मालकाला विचारा. कलम १३३प्रमाणे पोलिसांनी मागितल्यास चालकाचं नाव आणि लायसन्सची माहिती देणं त्याला बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये नाव न सांगणाऱ्या मालकालाच ६ पॉइंट लागतात.

२०२२मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली २२,५९५ उत्तर प्रदेशात, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. आठशेची एक पलटण धरली तर दोनशेहून जास्त पलटणी, एका वर्षात, आणि समोर शत्रू नसताना. सीमेवर एक पलटण गेली असती तर देश पेटून उठला असता.

म्हणून निवृत्त मंडळींना माझं थेट सांगणं आहे. खासगी गाडीवरचं 'आर्मी'चं स्टिकर काढा. पोराचं चलान आलं तर ओळखीतल्या साहेबांना फोन लावू नका. मालक म्हणून चालवणाऱ्याचं नाव लेखी कळवा, आणि नोंद त्याच्याच लायसन्सवर करा म्हणा. पलटणीत कुणाची लाल नोंद आपण शेजाऱ्याच्या शीटवर टाकली नव्हती.