गाडीतला पडदा थिजला तेव्हा



आमच्या कोल्हापुरातली थंडी म्हणजे काय? पहाटे बाटलीतले खोबरेल तेल थिजते, पंचगंगेवर धुके उतरते आणि दहा वाजेपर्यंत स्वेटर खुर्चीवर जातो. त्यामुळे उद्यमनगरात गाडीच्या डॅशबोर्डात मोठा टचस्क्रीन बसवून घेताना आम्ही मिस्त्रींना उन्हाचेच विचारले. "मे महिन्यात तापून बंद पडणार नाही ना?" थंडीचे विचारायचे आम्हाला सुचलेही नाही.

पुढे एका जानेवारीत अम्मी-अब्बा आणि मुलांना घेऊन आम्ही त्याच गाडीने काश्मीरला गेलो. चार दिवसांचा प्रवास. नकाशा, गाणी, मागचा कॅमेरा, सगळे त्या पडद्यावर. अब्बा मात्र वाटेतल्या गावांची नावे एका कागदावर लिहीत होते. आम्ही हसलो.

जम्मूनंतर पडद्यावरचा नकाशा रिकामा झाला. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले. तरी रस्ता सरळ होता, निभावले. गुलमर्गच्या पायथ्याला टंगमर्ग आहे, तिथे एका घरात खोली घेतली. दिवस चिल्लई कलानचे. २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या ४० दिवसांना काश्मिरी लोक हे नाव देतात. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. आमची गाडी उघड्यावर उभी होती.

रात्री तीनला अम्मींचा दमा उसळला. पंप घेऊनही श्वास बसेना. आम्ही धावत गाडीत बसलो. सेल्फ मारला तर इंजिन कण्हत कण्हत फिरले, पडदा उजळला आणि विझला. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा इंजिन धरले. पडदा आला, पण हातमोजे घातलेल्या बोटाला तो दाद देईना. मोजा काढला, तर अक्षरे एकावर एक सांडल्यासारखी दिसू लागली. एक बटण दाबले की कितीतरी वेळाने काहीतरी हलायचे. दवाखाना शोधायला नेट तर नव्हतेच. मागच्या सीटवर अम्मींच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

तेवढ्यात आवाज ऐकून घरमालक चाचा फेरन घालून बाहेर आले. हातातली कांगडी त्यांनी दारातच ठेवली. बंद गाडीत निखारा न्यायचा नाही, म्हणाले. पुढच्या सीटवर बसून त्यांनी हाताने रस्ता दाखवला. दहा मिनिटांत सरकारी दवाखाना आला. औषधाची वाफ दिली, आणि फजरपर्यंत अम्मींचा श्वास मोकळा झाला. अल्हम्दुलिल्लाह. परत निघालो तेव्हा हीटरने गाडी उबदार झाली होती आणि पडदा अगदी शहाण्यासारखा चालत होता. अब्बा एवढेच म्हणाले, "आता कशाला?"

कोल्हापुरात आल्यावर आम्ही मिस्त्रींकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी समजावले ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहे.

पडद्याच्या काचांमध्ये जो द्रवासारखा पदार्थ असतो, त्याचे कण विजेच्या इशाऱ्यावर वळतात, तेव्हा चित्र दिसते. थंडीत तो घट्ट होतो. खोबरेल तेलासारखाच समजा. मग कण उशिरा वळतात आणि जुन्या चित्राची सावली मागे राहते. गाडीच्या कंपनीने बसवलेले चांगले पडदे उणे ३० अंशांपर्यंत चालतील असे बनवतात. बाजारात नंतर बसवलेल्या प्रत्येक पडद्याचे तसे नसते. घेताना कागदावरचे तापमान वाचावे. हातमोज्याचे कारण वेगळे. हे पडदे बोटातून जाणारी बारीक वीज ओळखतात आणि लोकर ती अडवते.

पडदा विझत होता त्याला बॅटरी कारण. आपली नेहमीची बॅटरी शून्य अंशालाही बरीच ताकद गमावते आणि पारा आणखी खाली गेला की त्याहून जास्त. त्यातच इंजिन ऑइल घट्ट झालेले, म्हणजे सेल्फला जोर जास्त लागतो. तो सगळी वीज ओढतो आणि पडदा उपाशी राहतो. वर आमचा पडदा चटकन सुरू व्हावा म्हणून गाडी बंद असतानाही थोडी वीज खात होता, आणि बॅटरी चार वर्षांची. मोबाइलचेही तेच. आयफोनच्या कंपनीनेच तो ० ते ३५ अंशांत वापरावा असे सांगितले आहे. फोन रात्री गाडीत ठेवू नये, खिशात ठेवावा.

तेव्हा थंड मुलखात जाणाऱ्यांनी एवढे करावे. निघण्याआधी बॅटरी तपासून घ्यावी. पडदा झोपेतही वीज खातो का ते विचारावे, आणि रात्री तो पूर्ण बंद करण्याची सोय करून घ्यावी. सकाळी पडदा, पंखा, दिवे बंद ठेवून सेल्फ मारावा. इंजिन धरल्यावर दोन-तीन मिनिटांनी पडदा लावावा. अक्षरे सांडत असतील तर जोरात दाबू नये, गाडी उबदार होऊ द्यावी. नकाशा घरूनच उतरवून घ्यावा. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नये, ती तडकते. मागच्या कॅमेऱ्यावर बर्फ बसला असेल तर मान वळवून पाहावे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. बर्फात अडकलात तर हीटर आणि पडदा चालू राहावा म्हणून काचा बंद करून इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून अधिक माणसे दगावली. लहान मुलेही होती त्यांत. थंडीबरोबर हा वायूही त्याचे एक कारण सांगितला गेला. इंजिन लावायचेच असेल तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा, थोडाच वेळ लावावे आणि एक काच बोटभर खाली ठेवावी. चाचांनी कांगडी दारात का ठेवली, ते आम्हाला तेव्हा नीट कळले नव्हते.

पडदा अजून गाडीत आहे आणि कोल्हापूर-पुणे रस्त्यावर उत्तम चालतो. पण आता कुठेही परगावी मुक्काम करायचा असला, की संध्याकाळीच जवळचा दवाखाना कुठे आहे ते आम्ही तोंडाने विचारून ठेवतो. अब्बा तो कागदावर लिहितात आणि कागद अम्मींच्या पंपाबरोबर एकाच पिशवीत ठेवतात. आता कुणी हसत नाही.